थोरलीचं वजन

८ नोव्हेंबर

आत्या,

वाकून नमस्कार. थोरलीसकट नऊच्या नऊ कुंड्या जागेवर आहेत आणि झाडं जिवंत आहेत. हे आधी लिहिलं, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

गुडघ्याचे टाके निघाले का? तिथे मुलगा-सून हाताशी आहेत, लिफ्ट आहे, ते एक बरं झालं. फोनवर तू म्हणालीस की दादा हॉलमध्ये स्पीकर लावून सगळं ऐकतो, म्हणून यापुढे पत्रच लिहीन. आधी कच्चं लिहून मग पक्कं करतो, त्यामुळे थोडा वेळ लागतो.

तू सांगितल्याप्रमाणे दर दहाव्या दिवशी प्रत्येक कुंडीला अर्धा कप पाणी घालतो. कप कधी जास्त भरतो कधी कमी, म्हणून औषधाच्या बाटलीचं मापटं घेतलं आहे. सकाळी सव्वाआठला दार ओढून वर्कशॉपला जातो, साडेसहाला परत येतो. दिवसभर चष्म्याच्या काचा घासून डोळे थकलेले असतात, तरी आल्या आल्या खिडकीपाशी जातो.

एक गोष्ट लिहू की नको असं चार दिवस चाललं होतं. थोरलीच्या खालच्या पानांना सुरकुत्या पडल्या आहेत. बोटं फार वेळ पाण्यात राहिली की होतात, तशा. भिंग लावून पाहिलं. कीड नाही, बुरशी नाही.

माझ्या हातून काही चुकलं असेल तर स्पष्ट लिही. जुन्या दुकानातून नंबर तपासायच्या काचांची पेटी नाहीशी झाली, मला काढून टाकलं, आणि तू एक अक्षर न विचारता मला ही खोली दिलीस. दादा तेव्हा म्हणाला होता, "आज पेटी गेली, उद्या आईचं कपाट जाईल." मी दाराआड होतो. म्हणून तुझ्या घरातली एक काडीही इकडची तिकडे होऊ नये असं मला वाटतं.

तुझा भाचा


१७ नोव्हेंबर

भिंग्या,

तुझं पत्र दोनदा वाचलं, एकदा कौतुकाने आणि एकदा हसत. अरे, झाडं आहेत ती, चष्मे नव्हेत! मापट्याने कसलं पाणी घालतोस?

सुरकुत्या म्हणजे तहान, दुसरं काय? ही जाड पानांची मंडळी अंगातच पाणी साठवून बसतात. साठा संपला की गाल बसतात, माझ्यासारखे. थोडं सढळ हाताने घाल.

थोरलीला इतकं का जपते ते तुला कधी सांगितलं नाही. ह्यांनी नोकरीच्या पहिल्या वर्षी कुठल्याशा ऑफिसच्या खिडकीतून एक पान खिशात घालून आणलं होतं. खाली पडलेलं होतं म्हणाले. पडलेलं की पाडलेलं, ते मी तीस वर्षांत विचारलं नाही. त्या एका पानाची ही थोरली झाली, आणि बाकीच्या आठ तिच्या पोरी. ह्यांच्या हातचं आता घरात तेवढंच उरलं आहे. घड्याळ दादाने नेलं.

गुडघा वाकतो, पण कुरकुरतो. डॉक्टर म्हणतात अजून दोन महिने. सून चांगलं करते. फक्त मी हातात काही घेतलं की लगेच काढून घेते.

बरं, तू दिवसा कधी घरी असतोस का? मित्रबित्र येतात का कोणी? येऊ देत, माझं काही म्हणणं नाही, सहज विचारलं. आणि माझ्या खोलीतल्या कपाटाचं कुलूप एकदा ओढून बघ. दादा विचारत होता.

आत्या


२८ नोव्हेंबर

आत्या,

नमस्कार. कुलूप ओढून पाहिलं, लागलेलं आहे. मित्र येत नाहीत. 'सहज विचारलं' असं तू लिहिलंस, पण मला ते सहज वाटलं नाही. राग मानू नकोस.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी सगळ्यांना थोडं जास्त पाणी घातलं. आठवड्यात थोरली भरून यायला हवी होती. उलट तिची खालची पाच पानं पिवळी होऊन काचेसारखी आरपार दिसायला लागली. एकाला बोट लावलं तर ते न तुटता नुसतं गळून हातात आलं. धाकट्यांपैकी तिघींची तीच वाट आहे.

आता पुढचं नीट वाच. बशीत पाणी दिसलं. मी घातलेलं नव्हतं. माझाच विसर असेल म्हणून वर्कशॉपमधून पावडर मोजायचा काटा आणला आणि रोज सकाळ-संध्याकाळ थोरलीचं वजन केलं. सोमवारी सकाळी सहाशे चाळीस ग्रॅम, संध्याकाळी सातशे तीस. मंगळवारी पुन्हा वाढलं. बुधवारी पुन्हा. मी घरात नसताना कुंडीचं वजन वाढतं. रविवारी मात्र एक ग्रॅमनेही वाढलं नाही. रविवारी मी घरी असतो.

दाराच्या फटीत केसाइतका बारीक दोरा अडकवून गेलो. संध्याकाळी तो जमिनीवर पडलेला होता. खिडकीच्या फळीवर पाण्याचे डाग आहेत, सगळे कुंडीच्या डाव्या बाजूला.

कोणीतरी येतं, आत्या. चोर असता तर त्याने काहीतरी नेलं असतं. हा येतो, पाणी घालतो आणि जातो. थोरली मेली तर तुला वाटणार माझ्याच हातून मेली, आणि दादाला तर तेवढंच हवं आहे. मग मला या खोलीत कोण ठेवेल? या घराची दुसरी किल्ली कोणाकडे आहे?

तुझा भाचा


५ डिसेंबर

भिंग्या,

काय रे हे! दोरे काय, वजनं काय! दोन घास जास्त जेव आणि लवकर झोप. तुझा काटा पावडरीचा, तो मातीला चुकत असेल. हवेत ओल असते, ती माती ओढून घेते. बशीतलं पाणी तूच घालून विसरला असशील. मी तर गॅसवर दूध ठेवून विसरते.

किल्ली एकच, ती तुझ्याकडे.

आणि हे बघ, उगाच लोकांवर संशय घेत फिरू नकोस. मास्तरांना तर मुळीच काही बोलू नकोस. म्हातारा माणूस आहे, वीस वर्षं खाली शिवणाचं दुकान चालवतोय, कधी कोणाच्या बटणालाही हात लावला नाही.

थोरलीला ऊन मिळतंय ना? पिवळी पानं काढून टाक. आणि मला तिच्याबद्दल वाईट काही लिहू नकोस. लिहायचंच असेल तर लिही. मी काय सांगू.

आत्या


१२ डिसेंबर

आत्या,

मी माझ्या पत्रात मास्तरांचं नाव लिहिलंच नव्हतं.

तुझं पत्र बाजूला ठेवून थोरलीच्या पानांवर पुन्हा भिंग धरलं. या झाडाच्या पानांवर पांढरट लव असते, भुकटीसारखी. बोट लागलं की तिथली पुसली जाते. तीन पानांवर दोन्ही बाजूंनी ती पुसलेली होती, चिमटीत धरल्यासारखी. आणि एका पानाच्या कडेला निळा कण होता. कापडावर खुणा करायचा खडू.

मंगळवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. सव्वाआठला पाय आपटत जिना उतरलो, खाली मास्तरांना ऐकू जाईल असा. मग चपला हातात घेऊन परत वर आलो आणि स्वयंपाकघरात स्टुलावर बसलो. हे लिहायला मला लाज वाटते, पण बसलो.

साडेअकराला दाराशी किल्ली वाजली. भोक सापडत नसल्यासारखी तीन वेळा खरवडली, मग फिरली. मास्तर आत आले. गळ्यात टेप, एका हातात पाण्याचा मग. दुसऱ्या हाताने भिंत चाचपत ते सरळ खिडकीपाशी गेले आणि थोरलीचं पान चिमटीत धरून दाबलं.

"अजून मऊच? काय हे बाई, इतकं पाजतोय तर जातं कुठे?"

मगातलं पाणी घातलं. निम्मं कुंडीत, निम्मं डाव्या बाजूला फळीवर.

मी म्हणालो, "मास्तर."

त्यांच्या हातातला मग खाली पडला. "कोण? कोण आहे?" मी त्यांच्यापासून चार पावलांवर उभा होतो.

"मी आहे."

"तू कामाला गेला नाहीस? बरं नाही का?"

"तुम्ही आमच्या घरात काय करताय?"

"आमच्या?" मास्तर म्हणाले. "अरे, बाईंनीच किल्ली दिली. म्हणाल्या, मास्तर, पान दाबून बघा, मऊ लागलं की पाणी घाला. मी रोज बघतो, रोज मऊ लागतं."

"रोज?"

"रविवार सोडून."

"मी घरी असताना का नाही येत?"

त्यांनी पडलेला मग उचलण्यासाठी जमिनीवर हात फिरवला. तो त्यांच्या पायाजवळच होता. मी उचलून दिला.

"तुला सांगायचं नव्हतं रे. बाई म्हणाल्या, पाण्याचं निमित्त होईल, पण मुलगा काय करतो, कोण येतं-जातं, जरा लक्ष ठेवा. रविवारी मी फोन करतो. तुझा दादाही असतो फोनवर."

मी त्यांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत.

संध्याकाळी नर्सरीवाल्याकडे गळलेलं पान घेऊन गेलो. तो म्हणाला, सुरकुत्या दोन्हींनी येतात, तहानेने आणि बुडून. बुडालेल्या झाडाची मुळं सडतात, मग कितीही पाणी घाला, त्याला पिता येत नाही. घरी येऊन थोरलीला कुंडीबाहेर काढलं. मुळं काळी. ओढली तर साल हातात आली. मी मापट्याने घालत होतो, ते रोज घालत होते, आणि ती दोघांच्या मधे तहानेने मरत होती.

आता मुख्य गोष्ट. पेटीबद्दल तू मला कधीच विचारलं नाहीस. दोन वर्षं मला वाटत होतं की तुझा विश्वास आहे म्हणून. आता वाटतं, उत्तराला घाबरत होतीस म्हणून.

महिनाअखेरीला मी खोली सोडतो. वर्कशॉपच्या माळ्यावर एक बाज आहे. किल्ली मास्तरांकडे राहील, त्यांच्याकडे आहेच.

कपाटाचं कुलूप लागलेलं आहे.

भाचा


१९ डिसेंबर

बाईंना नमस्कार.

अक्षर मोठं आहे, कागद चार लागले, सांभाळून घ्या. लहान लिहिलं की मला माझंच वाचता येत नाही. हे गुपित होतं, आता राहिलं नाही.

तुम्ही म्हणालात लक्ष ठेवा. मी ठेवलं. दर रविवारी तुम्हाला सांगत होतो, सगळं ठीक, कोणी येत नाही. बाई, खरं सांगू? कोणी आलं असतं तरी मला दिसलं नसतं. डाव्या डोळ्यापुढे दोन वर्षं धुकं आहे, उजवा त्याच वाटेवर. सुईत दोरा गिऱ्हाईकांकडूनच ओवून घेतो, गप्पांच्या ओघात. टाके बोटांनी मोजतो. लोकांना कळलं तर कापड कोण देणार मला? म्हणून तुमची झाडंही बोटांनीच बघितली. पान मऊ, पाणी घाल. मऊ, घाल. तुमची थोरली मी बुडवली. तुमच्या भाच्याने नाही.

तरी कानांनी जे कळलं ते सांगतो. हा मुलगा सव्वाआठला जातो, साडेसहाला येतो. जिना उतरताना तिसऱ्या पायरीवर थांबायचा, कारण ती हलायची, आणि गेल्या महिन्यात त्याने तिथे खिळा मारला. कोणी सांगितलं नव्हतं. तुमचा मुलगा फोनवर 'संशयास्पद काही?' असं विचारायचा तेव्हा मला हा खिळा आठवायचा, पण मी सांगितला नाही. विचारलं होतं तेवढंच सांगितलं. चूक झाली.

मला वाटलं होतं तो भांडेल. दुसऱ्या दिवशी दुकानात आला आणि म्हणाला, "मास्तर, मोठी कात्री द्या." मी म्हटलं, "माझा गळा कापायचाय का?" तर हसलासुद्धा नाही. कात्री स्पिरिटने पुसली आणि थोरलीचं डोकं धडापासून कापलं. खोड आतून काळं आहे म्हणाला. तो वर वर कापत गेला, पांढरं स्वच्छ लागेपर्यंत. शेवटी मुठीएवढी पानं उरली. ती वर्तमानपत्रावर ठेवून कपाटावर ठेवली. माती नाही, पाणी नाही. म्हणाला, जखम सुकली की कोरड्या वाळूवर ठेवायचं, आणि मग हात लावायचा नाही. मी म्हटलं, पाणी कधी? म्हणाला, "मास्तर, तुम्ही त्या शब्दाचं नाव काढू नका."

परवा मला धरून वर्कशॉपला नेलं. तिथे काचांची एक पेटी होती, एकेक काच बदलत बसला. "आता? आता चांगलं की मघाचं?" तासभर. उजव्याला नंबर आहे म्हणतो, डाव्याला मोतीबिंदू, दवाखान्यात दाखवा. त्या पेटीचं झाकण लावताना त्याने आतल्या काचा मोजल्या, मग फोरमनला बोलावून त्याच्यासमोर पुन्हा मोजल्या.

ट्रंक भरून दाराशी ठेवली आहे. बाई, तुमचं घर आहे, तुम्ही जाणा. पण मला पुन्हा लक्ष ठेवायला सांगू नका.

मास्तर


२६ डिसेंबर

भिंग्या,

हे पत्र मी बाथरूममध्ये स्टुलावर बसून लिहितेय, कारण या घरात तेवढ्याच दाराला कडी आहे.

किल्ली एकच आहे असं मी तुला लिहिलं. खोटं लिहिलं. मास्तरांना लक्ष ठेवायला सांगितलं, तेही मीच. दादावर ढकलू शकते, पण ढकलत नाही.

झालं असं की दादाला ती जागा भाड्याने द्यायची होती. मी म्हटलं, भाचा राहतो तिथे. तो म्हणाला, "त्या पेटीचं काय झालं, तुला माहीत आहे का?" मला उत्तर देता येईना. दोन वर्षं तू माझ्या समोर बसून जेवलास आणि मला माहीत नव्हतं. तू लिहिलंस ते खरं आहे. मी घाबरले होते. विचारलं आणि तू हो म्हणालास तर काय करायचं, ते मला ठरवता येत नव्हतं. न विचारणं सोपं होतं, आणि त्याला मोठेपणाही मिळत होता. तूच देत होतास.

ह्यांना पानाबद्दल विचारलं नाही, ते ठीक होतं. पान ते पान. तुझ्या बाबतीत न विचारता मनात ठेवलं, आणि ते आतल्या आत सडलं.

म्हणून आता विचारते. ती पेटी तू घेतलीस का?

काहीही लिहिलंस तरी खोली तुझी आहे. हे काल जेवताना दादाला सांगितलं. तो ताटावरून उठला. उठू दे, रात्री भूक लागल्यावर आला परत.

थोरली गेली असेल तर तसं लिही. तुला जायचंच असेल तर जा, पण ट्रंक उचलायच्या आधी उत्तर दे.

आत्या


१८ जानेवारी

आत्या,

नमस्कार.

नाही.

हा एक शब्द तीस तारखेलाच लिहून ठेवला होता. तेवढाच पाठवावा की पुढे काही लिहावं ते ठरेना, म्हणून उशीर झाला. पेटी कोणी घेतली ते मला माहीत नाही. दुकानातल्या दोघांवर माझा संशय होता, अजूनही एकावर आहे, पण मी पाहिलं नाही, म्हणून नाव लिहीत नाही. मलाही पेटी घेताना कोणी पाहिलं नव्हतं.

तू विचारलंस, बरं वाटलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच कोणी विचारलं. जुन्या मालकानेसुद्धा विचारलं नव्हतं, नुसतं दार दाखवलं होतं.

थोरलीचं सांगतो. जखम सहा दिवसांत सुकली, तिच्यावर खपलीसारखा थर आला. मग विटेचा चुरा आणि वाळू घालून कुंडीत नुसती टेकवून ठेवली. तिची खालची पानं पुन्हा सुरकुतली. माझा हात दहा वेळा मापट्याकडे गेला. नर्सरीवाला म्हणाला होता की ती आता स्वतःच्या पानांतलं पाणी पिऊन मुळं काढते, या सुरकुत्या चांगल्या, तू बघत बसू नकोस. काटा वर्कशॉपला परत नेऊन दिला. त्यानंतर मला जरा झोप लागायला लागली.

काल तिला हलकंच उचलायला गेलो तर ती उचलली जाईना. वाळूने धरून ठेवली आहे. कडेची वाळू फुंकरीने बाजूला करून भिंगाने पाहिलं. गुलाबी मुळं आहेत, केसांपेक्षा जरा जाड. चार दिसली. जास्त असतील, मी उकरलं नाही. धाकट्यांपैकी एक वाचली नाही. बाकीच्या सात बऱ्या आहेत.

मास्तरांचा चष्मा तयार झाला, काच मी स्वतः घासली. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे, मी बरोबर जाणार आहे. चष्मा लावून पहिल्यांदा वर आले तेव्हा खोलीभर बघत म्हणाले, "अरे, भिंत हिरवी आहे होय!" त्यांची किल्ली मी मागितली नाही. दाराच्या फटीत दोरा लावत नाही.

ट्रंक रिकामी केली आणि उपडी करून खिडकीखाली ठेवली. थोरली तिच्यावर आहे, तिथे ऊन जास्त वेळ राहतं.

आणखी एक. आज सकाळी तिचं एक पान कमी होतं. संध्याकाळी मास्तरांच्या दुकानावरून येताना पाहिलं, काउंटरवर बटणांच्या डबीच्या झाकणात वाळू, आणि वाळूवर एक पान. मला बघून ते घाईघाईने कापड पसरायला लागले.

"पडलं होतं," म्हणाले.

पडलेलं की पाडलेलं, ते मी विचारलं नाही.

तुझा भाचा